तिसरी सुई

दीड महिन्याचं बाळ लसीकरणाला आलं की आता त्याच्या वाट्याला पाच गोष्टी येतात. पोलिओचे दोन थेंब तोंडात. रोटाचा, म्हणजे जुलाबाच्या एका विषाणूवरचा डोस, तोही तोंडातच. उजव्या दंडावर कातडीत पोलिओचीच एक बारीकशी टोचणी. डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस. आणि उजव्या मांडीत पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकस जंतूमुळे होणारा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांच्यावरची लस. ही शेवटची महाराष्ट्रातल्या सरकारी यादीत २०२१च्या जुलैत आली आणि एका बैठकीतल्या सुया दोनाच्या तीन झाल्या. शास्त्राला यात काही वावगं दिसत नाही. बाळालाही फारसं नाही. पहिल्याच सुईला त्याने सगळा सूर लावलेला असतो, तिसरीसाठी वेगळा शिल्लक नसतो. पण बाळाभोवतीच्या माणसांना ती तिसरी सुई खुपली, आणि त्या माणसांत आम्ही डॉक्टर-नर्सही होतो.

माझा दवाखाना लोणावळ्यात आहे, लहान मुलांचा. शिवाय बरीच वर्षं मी नाणे मावळातल्या उपकेंद्रांवर लसीकरणाच्या दिवशी जाऊन बसते. कुणी नेमलेलं नाही. सुरुवातीला एका सिस्टरांनी एक अडलेलं बाळ बघायला बोलावलं, मग पुढच्या महिन्यात पुन्हा, आणि मग ते ठरूनच गेलं. कामशेतवरून आत वळलं की कुंडलिकेच्या काठाने रस्ता जांभवली, थोरणच्या दिशेने जातो. उन्हाळ्यात सुंदर, पावसाळ्यात त्याहून सुंदर आणि जवळजवळ बंद.

नव्या लसीसाठी ज्यांनी जुलै महिना निवडला त्यांनी मावळातला जुलै पाहिला नसावा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा याच महिन्यात. त्यात भाताची लावणी. घरातली प्रत्येक चालती बाई चिखलात वाकलेली, बाळंतीणसुद्धा. सव्वा महिना संपला की तिची सुट्टी संपली. आमच्याकडे सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. त्यामुळे दीड महिन्याचा डोस हे बहुतेक बाळांचं घराबाहेरचं पहिलं येणं असतं, आणि लावणीच्या दिवसांत त्याला घेऊन येते ती आजी. इरलं किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर, त्याखाली दुपट्यात गुंडाळलेलं नातवंड आणि कमरेला खोचलेल्या पिशवीत कार्ड.

आजी ही फार अवघड श्रोता असते. तिने स्वतःची चार-पाच मुलं वाढवलेली असतात, त्यातलं एखादं गेलेलंही असतं. तिच्या वेळी देवीची लस होती, मग ‘त्रिगुणी’ आली, पोलिओचे रविवार आले. लसीला तिचा विरोध नसतो. तिचं म्हणणं मापाबद्दल असतं.

“दोन टोचा, बाई. एक ऱ्हाऊ द्या पुढच्या खेपंला. एवढुसा जीव, तीन ठिकाणी भोसकायचं व्हय?”

मी सिस्टरांकडे बघितलं तर त्याही माझ्याकडेच बघत होत्या. प्रशिक्षण त्यांचं झालेलं होतं. तीनही लसी एका दिवशी देता येतात, प्रत्येक वेगळ्या जागी द्यायची, कुठली कुठे द्यायची याचं चित्रही त्यांच्या वहीत चिकटवलेलं होतं. आजी बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, खरंच एकदम देऊ? मला तरी दोनच बरं वाटतंय.”

शहरातले लोक अशा प्रश्नाला अज्ञान म्हणतात. मला तसं वाटत नाही. पेंटामध्ये डांग्या खोकल्याविरुद्धचा जो भाग आहे त्याने बाळाला रात्री ताप येतो, मांडी लाल होते, कधी कठीण गाठ येते. ताप आलेलं बाळ रात्री अकराला ज्या दारात आणलं जातं ते दार सिस्टरांचं असतं. लस यादीत घालण्याचा निर्णय दिल्लीत झाला, खोक्यांतून बाटल्या पुण्याहून तालुक्याला आल्या, पण आरडाओरडा ऐकायला एकटी सिस्टर. नव्या लसीच्या पहिल्या महिन्यात गावात कुठल्याही कारणाने एखादं बाळ दगावलं तर गाव कोणाकडे बोट दाखवेल हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिच्या जागी मी असते तर मीही दोनच म्हटलं असतं की काय, कोण जाणे.

तरी आम्ही तीन दिल्या. कारण ‘पुढची खेप’ लावणीच्या दिवसांत येतच नाही. पुढचा महिना तसाच निघून जातो, मग बाळ मामाकडे जातं, मग कार्ड मामाकडे राहतं. आणि न्यूमोकोकस थांबत नाही. त्याचे सगळ्यात वाईट वार पहिल्या दोन वर्षांत होतात. आजीला मी हे असं सांगितलं नाही. तिला विचारलं, छाती भरून गेलेलं लेकरू पाहिलंय का कधी? तिने पाहिलं होतं. धाप लागलेलं, पोट उडणारं, दूध न ओढणारं. मग तिने स्वतःच विचारलं की ही त्याची का. हो म्हटल्यावर तिने नातवाची मांडी पुढे केली, तोंड फिरवलं आणि बाहेरच्या पावसाकडे बघत बसली.

सिस्टरांनी त्यात आपली एक रीत बसवली. आधी रोटा, कारण तो गोडसर असतो आणि बाळ शांत असताना पाजला तर ओकून पडत नाही. मग पोलिओचे थेंब. मग दंड. मग दोन्ही मांड्या एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायला वेळ न देता, आणि आई आली असेल तर लगेच छातीशी. सगळं उरकल्यावर अर्धा तास बसवून घ्यायचं. या अर्ध्या तासात काय दिलं, काय होऊ शकतं, पुन्हा कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवा, हे चार निरोप. आजीला कार्डाचाच निरोप लक्षात राहायचा, आणि एका अर्थी तोच सगळ्यात मोलाचा.

ही लस नवी होती ती फक्त सरकारी यादीला. माझ्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये ती त्याआधी दहा वर्षांहून जास्त काळ होती. एका डोसाची छापील किंमत चार हजारांच्या जवळपास, खाजगीत चार डोस, म्हणजे पंधरा हजारांच्या घरात. त्या काळात लोणावळ्यातल्या बंगल्याच्या माळ्याचा दोन महिन्यांचा पगार तेवढा होत नसे. आमच्या व्यवसायात तेव्हा दोन पंथ होते. एक म्हणायचा, माणूस बघून सांगावं. परवडणार नाही त्याला सांगून दुःखी का करायचं? दुसरा म्हणायचा, सांगणं आपलं काम, घेणं न घेणं त्यांचं. मी दुसऱ्या पंथाची. भिंतीवर तक्ता लावला होता, लसीचं नाव आणि समोर किंमत, सगळ्यांना दिसेल असा.

एकदा बंगल्यांना रंग देणारा एक कामगार बाळाला घेऊन आला. तक्ता वाचला, मला समजावून सांगायला लावलं, आणि मग म्हणाला, “मॅडम, हे आम्हाला नका सांगत जाऊ. सांगितलं की आपण पोराला दिलं नाही ही बोच राहते. न सांगता राहिलं तर निदान नशीब म्हणता येतं.”

मी तक्ता काढला नाही. पण त्यानंतर पीसीव्हीच्या ओळीपाशी आलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा. आणि ज्या डॉक्टरांना ‘माणूस बघून’ सांगायची सवय होती त्यांनी नकळत एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की केली: ही मोठ्या लोकांच्या मुलांची लस आहे. लसीच्या छापील किमतीत डॉक्टरचाही वाटा असतो हे उघड गुपित आहे, त्यामुळे पालकांना त्यात धंद्याचाही वास यायचा. पूर्ण चुकीचा नव्हता तो.

मग २०२१ साली तीच लस अचानक फुकट झाली. आम्हाला वाटलं होतं, रांग लागेल.

रांग लागली नाही. त्याऐवजी ‘फुकट का?’ हा एकच प्रश्न सगळीकडून आला. नाणे मावळात तो एका पद्धतीने विचारला गेला आणि लोणावळ्याच्या बंगल्यांत दुसऱ्या.

मावळातला प्रश्न समजून घ्यायला इथली धरणं बघावी लागतात. वळवण, शिरोता, ठोकरवाडी ही टाटांची धरणं शंभर वर्षांपूर्वीची, वीज मुंबईसाठी. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं. पवना धरणात गावं गेली. द्रुतगती महामार्गाने शेतं कापली, औद्योगिक वसाहतींना जमिनी गेल्या. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ महामार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. ज्या तालुक्यात सरकार नावाचा पाहुणा बहुतेक वेळा काहीतरी न्यायला आलेला आहे, तिथे तो एक दिवस हात भरून येतो आणि म्हणतो की चार हजारांची वस्तू घ्या, पैसे नकोत. माणसं दचकणार नाहीत तर काय करतील? एका शेतकऱ्याने मला सरळ विचारलं, “डॉक्टरबाई, तुमच्याकडं चार हजाराला, हितं फुकट. मंग एकात तरी काहीतरी गडबड हाय. कशात हाय तेवढं सांगा.” त्याच्या तर्कात मला खोट काढता आली नाही. मी त्याला सांगितलं की गडबड किमतीत आहे, औषधात नाही. सरकार लाखो बाटल्या एकदम घेतं तेव्हा लसीची किंमत माझ्या फ्रिजमधल्या एका बाटलीसारखी राहत नाही. त्याने विचार केला आणि म्हणाला, भाताचं पण तसंच असतं, व्यापारी गाडी भरून घेतो तेव्हा. तो पटवून घेऊन गेला की नुसता गेला हे मला कळलं नाही. बाळाला मात्र डोस मिळाला.

त्या वर्षी आणखी एक गुंता होता. कोविडची दुसरी लाट नुकती ओसरली होती आणि मोठ्या माणसांच्या लसीबद्दल गावोगाव भलभलत्या कथा फिरत होत्या. लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो, बायकांना मूल होत नाही, असलं काय काय व्हॉट्सअॅपवर. मूल न होण्याची तर जुनीच कथा, २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळांतून सुरू झाली तेव्हाही तीच. मला वाटलं होतं ही भीती बाळांच्या लसीवर उतरेल. झालं उलटंच. स्वतः कोविडची लस टाळणाऱ्या बाया बाळाला मात्र वेळेवर आणत होत्या. एकीला मी विचारलं, तर म्हणाली, “माझं काय, झालं तर झालं. त्याला लागंल ते द्या.” बाळाची लस ही तिच्या सवयीत बसलेली होती, मोठ्यांची लस नव्हती. मोठमोठ्या जाहिरातींचा यावर काय परिणाम झाला असेल सांगता येत नाही; माझ्या डोळ्यांसमोर काम करताना दिसली ती गावातली आशा कार्यकर्ती. ती गावचीच सून, जिच्या घरी परवा मुलगा झाला तिची जाऊ किंवा नणंद. ती घरी जाऊन सांगायची नाही, ओरडायची. “वैनी, उद्या डोस हाय, नाय आली तर मी घरी येऊन बसंल.” यापुढे कुठल्याही पोस्टरची काय मात्रा!

लोणावळ्याच्या टेकडीवरचा ‘फुकट का?’ वेगळा. पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबं कोविडच्या काळात आपल्या इथल्या बंगल्यांत येऊन राहिली, काही तिथेच कामाला बसली. त्यांची नवजात बाळं माझ्याकडे येऊ लागली. आईवडील शिकलेले, हातात टॅब, त्यावर लसींचा तक्ता, रकाने, रंग. त्यांना मी सांगायची की सरकारी केंद्रात हीच लस मिळते, फुकट. चेहऱ्यावर एक विनम्र हसू यायचं. “नको, तुमच्याकडचीच द्या.” का, याचं कारण कोणी सांगायचं नाही. मावळातल्या शेतकऱ्याने निदान गडबड कशात आहे असं तोंडावर विचारलं होतं. इथे शंका इतकी सभ्य होती की तिला उत्तर देता यायचं नाही.

एका बापाने मात्र विचारलं. दहाची घ्यायची की तेराची? न्यूमोकोकसचे नव्वदहून जास्त प्रकार आहेत आणि लसी त्यातल्या दहा, तेरा अशा निवडक प्रकारांवर चालतात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली दहा प्रकारांची न्यूमोसिल २०१९च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या पसंतीस उतरली आणि २०२०च्या डिसेंबरात आपल्या बाजारात आली. तिचे दहा प्रकार आशिया-आफ्रिकेत मुलांना जास्त छळणारे बघून निवडलेले. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “पण तेरा दहापेक्षा जास्तच ना?” गणित बरोबर होतं. शेवटी त्याने महागातली घेतली आणि त्याच्या बंगल्याच्या माळ्याच्या बाळाने त्याच आठवड्यात कार्ल्याच्या बाजूच्या केंद्रात फुकटातली. दोघंही ठणठणीत आहेत. पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

डोंगरावर आणखी एक जात भेटते, ती म्हणजे ‘नॅचरल इम्युनिटी’वाल्यांची. लोणावळ्याच्या हवेत योगाला आणि निसर्गोपचाराला शंभर वर्षांचं वजन आहे, कैवल्यधाम १९२४ सालचं, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याचं नाव घेऊन चार दिवस राहायला आलेली माणसं बाळाच्या लसी पुढे ढकलायचा विचार घेऊन परत जातात तेव्हा राग येतो. अशा आईला मी एवढंच विचारते की नैसर्गिक प्रतिकारशक्ती मिळेपर्यंतचा न्यूमोनिया कुठल्या दवाखान्यात काढायचा ठरवलं आहे. उद्धट प्रश्न आहे, मान्य आहे.

पीसीव्हीच्या दोन वर्षं आधी, २०१९ मध्ये, रोटाव्हायरसची लस आली होती, आणि तिच्याबाबत पालकांपेक्षा आम्हा डॉक्टरांची पंचाईत जास्त झाली. सुई नाही, वर गोड, त्यामुळे पाजायला विरोध नव्हता. विरोध दोन-तीन महिन्यांनी आला. “डोस पाजला तरी जुलाब झालेच की!” आणि झालेच होते. रोटाव्हायरस हे बाळांच्या जुलाबाचं एक कारण, बाकी अनेक. शिवाय आपल्याकडे रोटाचा जोर थंडीत असतो आणि मावळात जुलाबांची खरी रेलचेल पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याबरोबर. त्यामुळे लोकांनी लसीची परीक्षा घेतली ती नेमकी अशा ऋतूत, ज्यात तिला काम फार थोडं होतं. त्यात भर म्हणजे दात येताना जुलाब व्हायचेच ही श्रद्धा, ती तर डॉक्टरांच्या घरातही सापडते.

आणि लस आपल्या शत्रूवरही पूर्ण चालत नाही. भारतात बनलेल्या रोटाव्हॅकची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू अशा तीन जागी झाली, ६,७९९ बाळांवर. वढूचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने केलं. निकाल २०१४ला आला: रोटामुळे होणारे गंभीर जुलाब पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्क्यांनी कमी. या लसीचा मूळ विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला होता, ज्यांना तो असूनही जुलाब होत नव्हते, आणि डॉ. एम. के. भान यांनी त्याच्यामागे कित्येक वर्षं घालवली. मला ही गोष्ट फार आवडते. पण आईला ‘निम्म्याहून थोडी जास्त चालते’ हे कसं सांगायचं? माझ्या ओळखीतले काही डॉक्टर ‘जुलाब होणार नाहीत’ असं सांगून मोकळे व्हायचे. सोपं असतं ते. पहिल्याच जुलाबाला ते वचन मोडतं, आणि त्याबरोबर पुढच्या तीन लसींवरचा विश्वासही जातो. मी सांगायची की जुलाब होतील, पण सलाईन लावायची वेळ कमी मुलांवर येईल. आकर्षक जाहिरात नाही ही. बायकांना मात्र पटायची, कारण सलाईनसाठी तळेगावला किंवा पुण्याला पळायचं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं: गाडीभाडं, नवऱ्याचा बुडलेला रोज, घरी राहिलेली दुसरी मुलं.

डॉक्टरांतला संशय नेहमी आळसाचा किंवा धंद्याचा नसतो, हेही म्हणायला हवं. अमेरिकेत रोटाची पहिली लस १९९८ला आली आणि १९९९ला मागे घेतली गेली, कारण सुमारे दहा हजारांत एका बाळाच्या आतड्यात आतडं शिरण्याचा त्रास दिसला. ते वाचलेल्या पिढीतल्या डॉक्टरांनी नव्या रोटा लसीकडे डोळे बारीक करून बघितलं तर नवल काय! आपल्याकडच्या लसीसाठी मग अनेक रुग्णालयांत लक्ष ठेवलं गेलं, आणि तसा धोका वाढल्याचं दिसलं नाही असा अहवाल २०२० मध्ये छापून आला. संशय घ्यायचा आणि मग मोजायचं, अशी ही रीत. पेंटाचंही तसंच. श्रीलंकेने २००८ मध्ये काही मृत्यूंनंतर पेंटा थांबवली, चौकशी केली, पुन्हा सुरू केली. आपल्याकडे ती २०११च्या डिसेंबरात केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली तेव्हा दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी जाहीर लेखांतून आणि न्यायालयातून तिच्याविरुद्ध प्रश्न उभे केले. त्यांच्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण त्यांनी नावानिशी, आकड्यांसह वाद घातला. आईसमोर लसीचं नाव निघताच नुसते ओठ मुडपणाऱ्या डॉक्टरपेक्षा ते मला बरे वाटतात. ओठ मुडपण्याला पुरावा लागत नाही आणि त्याला उत्तरही देता येत नाही.

मावळात मला सगळ्यात जास्त काम वाढवून दिलं ते ‘पेनलेस’ या शब्दाने. खाजगीत पेंटाची एक महाग जात मिळते जिच्यात डांग्या खोकल्याचा पूर्ण जंतू न घालता त्याचे काही तुकडेच असतात. ताप कमी, सूज कमी, म्हणून नाव पेनलेस. सुई तेवढीच असते, म्हणजे नाव तसं खोटंच. संरक्षण लवकर ओसरतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही पहिल्या तीन डोसांसाठी जुनी, ताप आणणारी लसच बरी असं २०१३ मध्ये सांगितलं. तरीही दुकानावरच्या पाटीसारखा तो शब्द दवाखान्यांत मिरवला गेला. त्याचा दोष मी पालकांना देत नाही. बाळाला कळ नको असं कोणत्या आईला वाटत नाही? पण त्यातून खालच्या गावात असा निरोप गेला की श्रीमंतांना दुखत नाही अशी लस आहे आणि आपल्याला दुखणारी देतात. खडकाळ्याकडच्या एका बाईने मला तसं स्पष्ट सांगितलंही. ताप येणारी लस जास्त टिकते, हे तिला सांगताना मला स्वतःलाच ते गरिबाला द्यायच्या उपदेशासारखं वाटत होतं.

ताप सगळ्यांना सारखा महाग नसतो, ही त्यातली खरी अडचण. बंगल्यातल्या आईला तापाने एका रात्रीचं जागरण होतं. वीटभट्टीवरच्या कातकरी जोडप्याचा एक रोज जातो, कारण दोघं मिळून विटा पाडतात आणि एक बसला तर दुसरा बसतो. तरी कातकरी वस्त्यांवर मला नकार फारसा कधी भेटला नाही. लोक त्यांच्या नावावर ‘लस घेत नाहीत’ असं खपवतात. दिवाळी झाली की ती कुटुंबं भट्ट्यांवर जातात, पावसाआधी परततात, आणि या मधल्या सहा-सात महिन्यांत बाळ कुठल्या उपकेंद्राचं हे कुणालाच नीट ठाऊक नसतं. सिस्टर डबा घेऊन भट्टीवर पोचल्या की मांड्या उघड्याच असतात. एका भट्टीवर तर बाप मला म्हणाला, तीनच का, अजून असतील तर त्याही द्या, पुन्हा तुम्ही कधी येणार?

पीसीव्ही आता मावळात नवी राहिलेली नाही. आज्या तीन सुया मोजत नाहीत, सिस्टर विचारत नाहीत. २०२३पासून नऊ महिन्यांच्या वेळी पोलिओच्या कातडीतल्या टोचणीचा तिसरा डोस वाढला, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. आता प्रश्न बदलले आहेत, आणि ते मला जास्त अडचणीत टाकतात. मागे गालगुंडाची साथ आली होती तेव्हा जांभवलीच्या बाजूची एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. गाल फुगलेला, तोंड उघडत नव्हतं. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. सगळे रकाने भरलेले, एकही कोरा नाही.

“सगळं टोचून घेतलंय मॅडम. मग हे कसं झालं?”

मी सांगितलं की सरकारी डोसात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. खाजगीत मिळते त्यात आहे.

“मग सरकारीत का न्हाय?”

आजार बहुतेक वेळा सौम्य असतो, पैसा कुठे आधी घालायचा ते ठरवावं लागतं, असं काहीबाही मी सांगत राहिले. तिने ते ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

“केवढ्याला हाय ती? बारकी हाय अजून घरी, तिला देऊन टाकते. आणि सरकारी कधी येनार हाय ते मला कळवा, जावेच्या पोराला थांबवून ठेवते.”

मी म्हटलं थांबवू नका, कधी येईल ते मलाही माहीत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून हिशोब केला, दोन पोरांच्या डोसांचे किती, त्यातले आत्ता किती आणि भात विकल्यावर किती.